चादरीचं दुसरं टोक

"निदान आजार तरी बरा निवडायचा," ताई पुटपुटली. "तापानं गेले म्हणे मी. साध्या तापानं! जन्मात कधी अंथरूण धरलं नाही."

चादरीची घडी घालताना दोघी समोरासमोर चालत येतात, टोकाला टोक जुळतं आणि क्षणभर नाकाला नाक लागायचं तेवढं राहतं. आमच्या लाँड्रीत खासगी बोलायला तेवढीच जागा आणि तेवढाच वेळ. मी माझी टोकं तिच्या हातात दिली, वाकून खाली लोंबणारी मुडप उचलली आणि मागे सरकले. परत जवळ आलो तेव्हा म्हटलं, "हळू बोल. ऐकतील सगळे."

"ऐकू देत की. मेलेल्या बाईचं बोलणं कोण मनावर घेतंय?"

आणि स्वतःच फिस्सकन हसली. मला हसू आलं नाही.

ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. लाँड्रीत मालकिणीपासून भट्टीवाल्यापर्यंत सगळे तिला ताईच म्हणतात, आणि मला धाकटी. हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल आमच्याकडे धुवायला येतात. मोठ्या चादरीला दोन माणसं लागतात, आणि आम्ही दोघी इतकी वर्षं एकमेकींसमोर उभ्या आहोत की तिचा हात कधी ढिला पडणार हे मला तिच्याआधी कळतं. तिची एकुलती एक मुलगी टीव्हीवरच्या 'शेवटचा एक' नावाच्या स्पर्धेत गेली होती. मोठ्या घरात दहा-पंधरा जणांना कोंडायचं, त्यांना खेळ द्यायचे, भांडणं लावायची आणि दर आठवड्याला लोकांच्या मतांवर एकाला बाहेर काढायचं. शेवटी उरेल तो जिंकला. टीव्हीवाल्यांनी पोरीचं नाव ठेवलं होतं ठिणगी. आम्ही लाँड्रीतले तिला गाठोडी म्हणायचो, कारण तान्ही असताना ती धुतलेल्या टॉवेलांच्या गाठोड्यावर झोपायची, आणि यंत्रं बंद पडली की दचकून रडत उठायची.

त्या आठवड्यात ती धोक्यात होती. ती किंवा एक नर्तकी, दोघींतली एक जाणार. आणि नेमका तेव्हाच 'मनातलं माणूस' नावाचा खेळ आला. सगळ्यांनी गोल करून बसायचं, दिवे मंद, मागे रडकी धून, आणि एकेकानं आपल्या माणसाबद्दल बोलायचं. नर्तकीनं आंधळ्या बापाचं सांगितलं. पैलवानानं वारलेल्या भावाचं सांगितलं. मग आमची. गालावर एकच थेंब, तोही कॅमेऱ्याकडच्या.

"माझी आई मी लहान असतानाच तापानं गेली," ती म्हणाली. "तिच्या कपाळावरची पट्टी मीच बदलायचे. मला मावशीनं वाढवलं."

ताईच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आम्ही दोघी पलंगावर बसून बघत होतो. रस्त्यात अनोळखी माणसानं काही विचारावं आणि आपल्याला नीट ऐकू येऊ नये, तसं ताईनं माझ्याकडे पाहिलं. मग फोन उचलला आणि ठिणगीला मत दिलं.

"धोक्यात आहे गं ती," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाँड्रीत कुणी कुणाकडे बघेना. सगळ्यांनी तो भाग पाहिला होता. एरवी दार उघडल्यापासून 'कोण गेलं, कोण राहिलं, कुणी कुणाचा काटा काढला' असा गलका असतो. त्या सकाळी नुसती यंत्रं घरघरत होती.

शेवटी चष्मेवाली बोलली. ती डागांच्या टेबलावर असते. कुठला डाग कशाचा आणि कशानं जाईल हे लांबून ओळखते, म्हणून माणसंही ओळखता येतात असा तिचा समज आहे.

"मी सांगू का? हा डाव आहे. सरळसरळ स्ट्रॅटेजी. नर्तकीचा बाप आंधळा. आता आंधळ्यावर काय चालणार? मेलेलंच माणूस लागतं. मास्टरस्ट्रोक मारलाय पोरीनं!"

सगळ्यांचा अडकलेला श्वास एकदम सुटला. स्ट्रॅटेजी! त्या एका शब्दानं सगळ्यांना घाण पाण्यातून बाहेर काढलं.

"पण पैलवानाचा भाऊपण मेलाय की," भट्टीदादा म्हणाले. बॉयलर त्यांच्याकडे असतो, त्यामुळे बाराही महिने घामानं थबथबलेले.

"भाऊ आणि आई एक का, दादा? आईला मतं जास्त पडतात."

"आणि ताप कसा हुशारीनं निवडलाय बघा. मोठा आजार सांगितला तर लोक विचारतात, कुठलं हॉस्पिटल, कोण डॉक्टर. तापाला कोण विचारतो?" मागून कुणीतरी म्हणालं.

"ताई, तुम्ही काही मनाला लावून घेतलं नाही ना?"

"मी कशाला लावून घेऊ?" ताई म्हणाली. "फक्त आधी सांगून जायला हवं होतं. दोन-चार महिने आधीपासून खोकून ठेवलं असतं."

सगळे पोट धरून हसले. भट्टीदादांनी तर डोळे पुसले. मी मुडप उचलायला वाकले ती जरा जास्तच वेळ वाकून राहिले.

हॉटेलच्या चादरींवर माणसं काय काय सोडून जातात ते मी इथे लिहिणार नाही. नवीन बाई कामाला आली की पहिल्या दिवशी तोंडाला पदर लावते, आठवड्यानं सोडते. मला त्याची किळस कधीच वाटली नाही. शरीर आहे, घाण व्हायचंच. गरम पाणी आहे, ब्लीच आहे, निघतं सगळं. पण त्या दिवशी ते हसणं ऐकताना मला शिसारी आली, आणि ती घालवायला माझ्या हाताशी कसलीच पावडर नव्हती.

नर्तकी गेली. ठिणगी राहिली. चष्मेवालीनं दुपारी सगळ्यांना पेढे वाटावेत तसे अंदाज वाटले. डबे उघडून बसलो की तिचं सुरूच. "आता बघा, नर्तकीची मतं फुटणार. अर्धी त्या घरातल्या डॉक्टरला, अर्धी आपल्याला. तो डॉक्टर आतल्या गाठीचा आहे, त्याच्याशी आत्ता वाकडं घ्यायचं नाही. आधी पैलवानाला काढायचा. पैलवान साधा आहे, साधा माणूस सगळ्यात धोक्याचा."

"साधा आहे म्हणून काढायचा?" मी विचारलं.

"मग काय धाकटी, खेळ आहे हा! साध्यांचं काय काम तिथे?"

लाँड्रीतल्या सगळ्यांनी मिळून फोनवर 'ठिणगीची फौज' नावाचा ग्रुप काढला होता. कुणी किती मतं मारायची, कुणाला शिव्या घालायच्या, डॉक्टरच्या चाहत्यांना काय उत्तर द्यायचं, सगळं तिथे ठरायचं. ताई त्या ग्रुपमध्ये होती. तिच्याच मरणावर लोक रडके चेहरे टाकत होते आणि ती ते चष्मा लावून वाचत होती. एकदा मला दाखवलं. "बघ, ही कोण कुठली बाई लिहितेय, 'तुझी आई वरून तुला बघते आहे.' खरंच आहे की. दुसऱ्या मजल्यावरून बघते."

हे पहिल्यांदा झालं नव्हतं, तेही सांगते. स्पर्धा सुरू झाली त्या आठवड्यात घरातल्या सगळ्यांना कपडे धुवायचं काम लागलं, तेव्हा ठिणगी नाक मुरडून म्हणाली होती, "आमच्याकडे कपड्यांना बाई यायची." आम्ही दोघी तेही एकत्रच पाहिलं. ताई म्हणाली, "खोटं नाही बोलली. संध्याकाळी यायचीच की मी घरी." आणि पुढच्याच क्षणी टीव्हीकडे बोट दाखवून ओरडली, "अगं बघ, बघ!" पडद्यावर ठिणगी पलंग आवरत होती. चादरीचा कोपरा तिनं आधी आत दुमडला, मग बोटानं दाबला, मग गादीखाली सारला. ती दाब द्यायची पद्धत ताईची. लाँड्रीत दुसरं कुणी तसं करत नाही.

"हात विसरत नाहीत गं," ताई म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तिचा चेहरा उजळलेला होता.

म्हणून मी गप्प राहिले. इतका लहानसा कोपरा दाबून धरून ती बसली होती, तो मी कशी ओढून घेऊ?

पण फौजेची भूक वाढत चालली. आधी ठरलं, हॉटेलची गाडी माल उतरवायला आली की ताईनं बॉयलरच्या खोलीत जायचं. ड्रायव्हरानं ओळखलं तर भांडं फुटेल. भट्टीदादांनी तिच्यासाठी तिथे एक उलटी बादली ठेवली, वर घडी केलेला टॉवेल. फार काळजीनं ठेवली, तेच तर. गाडी वाजली की सगळे कुजबुजायचे, "ताई, आत! ताई, आत!" आणि ताई पदर सावरत पळायची, लपंडाव खेळणाऱ्या पोरीसारखी. ती वाफेत बसलेली असताना मी चादरीचं एक टोक खुंटीला अडकवून एकटीच झगडत बसायचे.

मग फोटो. चष्मेवाली हळूच आली. "ताई, राग मानू नका. ग्रुपवर लोक विचारतात, आईचा फोटो टाका म्हणून. डॉक्टरवाले म्हणतात, आई मेल्याचं खोटं आहे. त्यांची तोंडं बंद करायची तर..."

मी म्हटलं, "तुझी जीभ कशी रेटते गं?"

ताईनं मात्र पिशवीतून फोटो काढून दिला. आधीच शोधून ठेवला होता. "हा घे. ह्यात बरी दिसते मी. मेल्यावर तरी बरं दिसावं माणसानं."

तो फोटो लाँड्रीच्या मागच्या अंगणातला. वाळत घातलेल्या चादरी, ताई हसते आहे, शेजारी मी. चष्मेवालीनं मला कापून टाकलं आणि ताईभोवती काळी चौकट लावली. संध्याकाळपर्यंत हजारो लोकांनी हात जोडले. त्यात आमची मालकीणही होती, जी सकाळी ताईला 'अभ्रे ओले राहिलेत' म्हणून ओरडली होती.

पैलवान गेला. डॉक्टर, ठिणगी आणि आणखी दोघं उरले. आणि मालकिणीच्या फोनवर टीव्हीवाल्यांचा निरोप आला. पुढच्या भागात प्रत्येकाच्या घरचं माणूस दाखवणार. ठिणगीची ती कष्टाळू मावशी, जिनं पोरक्या पोरीला वाढवलं, ती काम करताना हवी. ते लाँड्रीतच येऊन शूटिंग करणार. मावशीनं चादरी घडी घालत बहिणीच्या आठवणी सांगायच्या, आणि रडायचं.

मालकिणीनं दुसऱ्याच दिवशी भिंतीला रंग दिला.

मी घरी जाऊन ताईला सांगितलं, "मला जमणार नाही. तुझ्यासमोर तुला मारू मी?"

"माझ्यासमोर कशाला? मी आत असेन, बादलीवर."

"ताई!"

"हे बघ, आता चारच उरलेत. तू नाही म्हणालीस तर लोक म्हणतील काहीतरी गडबड आहे. काढतील तिला. इतकं करून शेवटी माझ्यापायी बाहेर पडली, असं नको व्हायला. तू फक्त इतकंच म्हण, होती बिचारी, गेली. तुला माझी शपथ."

"मेलेल्या माणसाची शपथ कशी घालतेस?"

ती हसली, पण डोळे हसले नाहीत. ब्लीचनं तिच्या बोटांची कातडी पांढरी होऊन सोलून निघते. ती बोटं ती दुसऱ्या हातानं चोळत बसली. शाळेत असताना गाठोडी ह्याच बोटांकडे बघून म्हणायची, 'आई, तू समारंभाला येताना हातमोजे घाल ना.' ताई गेली होती घालून, भर उन्हाळ्यात. सगळ्यांना गंमत म्हणून सांगायची ती. मला तेव्हाही त्यातली गंमत कळली नव्हती, आणि तरीही जिभेवर आलेलं वाक्य मी गिळलं. ते आम्ही सगळेच गिळत आलो होतो. स्ट्रॅटेजी म्हटलं की ते सहज घशाखाली उतरायचं.

मी हो म्हटलं.

शूटिंगच्या दिवशी लाँड्री ओळखू येत नव्हती. चष्मेवालीनं चेहऱ्याला पावडर थापली होती. भट्टीदादांनी अंगात इस्त्रीचा शर्ट घातला होता, तो दहा मिनिटांत पाठीला चिकटला. कॅमेरावाला आला, आणि कानाला वायर लावलेली एक मुलगी आली. ती सारखी घड्याळाकडे आणि वायरीकडे बोलत होती. ताई आत, बादलीवर. बॉयलरच्या दारापुढे कपड्यांची ढकलगाडी आडवी लावलेली.

"मावशी, तुम्ही एकट्याच घडी घाला," वायरवाली म्हणाली. "एकटेपणा दिसायला हवा."

"एकटीला नाही जमत. चादर खाली टेकते."

"मग घ्या कुणालातरी."

चष्मेवाली तयारच होती. चादर धरली, कॅमेरा सुरू झाला, आणि मी बोलायला लागले. "आम्ही दोघी बहिणी..." चष्मेवालीनं भलत्याच वेळी ओढलं. टोक माझ्या हातातून निसटलं. पुन्हा. "आम्ही दोघी बहिणी इथेच..." ती माझ्याकडे बघायचं सोडून कॅमेऱ्याकडे बघून रडायला लागली, आणि चालत यायची तर जागीच उभी राहिली.

"छान! रडू छान येतंय," वायरवाली म्हणाली. "मावशी, आता तो प्रसंग सांगा. ताप किती होता? शेवटचं काय बोलल्या?"

मी समोर बघितलं. पावडरीवरून ओघळ आले होते, चष्मेवालीनं डोळे पुसायला एक हात सोडला आणि ती शुभ्र, नुकती धुतलेली, इस्त्री केलेली चादर तिच्या बाजूनं सरसरत ओल्या फरशीकडे निघाली.

आमच्याकडे धुतलेली चादर जमिनीला लागली की पुन्हा पहिल्यापासून धुवायला जाते. डोकं विचार करायच्या आत अंग धावतं. मी ओरडले, आयुष्यभर ओरडत आले तशीच ओरडले.

"ताई, टोक धर!"

ढकलगाडी खडखडत बाजूला झाली. वाफेनं लाल झालेली ताई बाहेर आली, दोन ढांगांत पोचली आणि फरशीच्या वीतभर वर तिनं ते टोक झेललं. चादर ताणली गेली. मग थांबायचं आम्हा दोघींना सुचलंच नाही. झटकली, मुडपली, चालत आलो. टोकाला टोक जुळलं. तिचा श्वास माझ्या तोंडावर आला.

"आता गं?" ती कुजबुजली.

लाँड्रीत कुणी हललं नाही.

"ह्या कोण?" वायरवालीनं विचारलं.

"नवीन आहेत कामाला," भट्टीदादा म्हणाले.

"शेजारी राहतात," त्याच वेळी चष्मेवाली म्हणाली.

"तात्पुरत्या घेतल्यात," मालकीण म्हणाली. "आज गर्दी होती म्हणून."

वायरवालीनं हातातला फोन बघितला. मग ताईकडे बघितलं. मग परत फोनकडे. काळी चौकट मला इथूनही दिसत होती.

"एक मिनिट. ह्या तर..."

"डाव आहे हो मॅडम!" चष्मेवाली पुढे धावली. "गेम आहे तो, गेम. पोरीनं स्ट्रॅटेजी केली. धोक्यात होती ना, म्हणून. सगळेच करतात. घरच्यांना माहीत होतं सगळं. हो की नाही, ताई?"

मला वाटलं, आता ही मुलगी चिडेल, ओरडेल, कॅमेरा बंद करून निघून जाईल. तसं झालं असतं तर मी तिचे आभार मानले असते. पण तिचे डोळे चमकायला लागले. हॉटेलच्या उष्ट्या टेबलक्लॉथवर माशा बसतात ना, मला त्यांची आठवण झाली.

"हे तर त्याहून भारी आहे," ती वायरीत म्हणाली. "ऐका, ऐका. आई जिवंत आहे! हो, इथेच आहे." मग ताईचा हात धरून तिनं तिला उजेडात ओढलं. "काकू, आपण असं करू या. तुम्ही कॅमेऱ्यात बघून म्हणा, हे आम्ही दोघींनी मिळून ठरवलं होतं. मुलगी जिंकावी म्हणून आईनं स्वतःचं मरण दिलं. त्याग! किंवा मग रडा आणि म्हणा, बाळा, मी तुला माफ केलं. दोन्ही घेऊ. कुठलं चांगलं दिसतं ते ठेवू. चालेल?"

"चालेल, चालेल," मागून मालकीण म्हणाली.

"मतं दुप्पट होतील, ताई!" चष्मेवाली खरंच आनंदानं रडत होती. "डॉक्टर गेलाच समजा!"

ताईनं आपला हात सोडवून घेतला. घडी केलेली चादर तिच्या छातीशी होती. तिचा कोपरा तिनं आत दुमडला, बोटानं दाबला आणि ती माझ्या हातात दिली. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागलेला होता. ती त्याच्याकडे बघत नव्हती, आमच्याकडे बघत होती. चष्मेवालीकडे, भट्टीदादांकडे, माझ्याकडे, एकेकाकडे, सावकाश.

"डाव नाही आणि बीव नाही," ताई म्हणाली. "तिला माझी लाज वाटते."